साष्टींतील मराठी ख्रिस्ती समाज

अंधेरी स्थानकाच्या पूर्वेस उतरून मरोळच्या बाजूस जाणाऱ्या मनुष्यास आज काय दिसतें? उंच उंच इमारती, कारखान्यांच्या भिंती, विमानतळाकडे धांवणाऱ्या मोटारी आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो. परंतु हमरस्ता सोडून एखाद्या अरुंद गल्लींत शिरलें, कीं देखावा एकदम पालटतो. कौलारू घरें, पुढें लांकडी कठड्याची ओसरी, वळणावर चुना दिलेला दगडी क्रूस आणि त्या क्रुसाला घातलेला झेंडूचा हार. ओसरीवर बसलेल्या वृद्ध बाईचें आडनांव परेरा किंवा डिमेलो असतें; आणि नातवाला ती हांक मारते ती मात्र मराठींत! जुनें मरोळ, आंबोली, चकाला, सहार, गुंदवली या गांवठाणांतून हा देखावा अजून पाहावयास सांपडतो.

नवखा मनुष्य ती आडनांवें ऐकून या लोकांस गोव्याहून आलेले समजतो, किंवा एखाद्या पोर्तुगीज शिपायाचे वंशज ठरवून मोकळा होतो. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हे लोक कोठूनहि आलेले नाहींत. आज अंधेरी-पार्ल्यांत ज्यांचीं बिऱ्हाडें आहेत त्यांतील बहुतेकांचे आजे-पणजे घाटावर, तळकोंकणांत, गुजराथेंत किंवा त्याहूनहि दूर होते, त्या वेळीं या लोकांचे पूर्वज येथें भात लावीत होते, ताडी काढीत होते, मिठागरें राखीत होते. ईस्ट इंडियन या इंग्रजी नांवानें ओळखला जाणारा हा समाज म्हणजे साष्टीच्या जुन्या मराठी रयतेचीच एक शाखा होय. तिनें धर्म बदलला, राज्यें बदललेलीं पाहिलीं, नांव बदललें. भाषा मात्र चार शतकें सोडली नाहीं. या समाजाच्या इतिहासांतील ही सर्वांत लक्षणीय गोष्ट असून, आज धोका आहे तो नेमका तिलाच.

मुंबईच्या उत्तरेस वांद्र्यापासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या भूभागास साष्टी हें जुनें नांव आहे. सहासष्ट गांवांचा मुलूख म्हणून साष्टी, अशी त्याची व्युत्पत्ति सांगतात. इंग्रजांनीं त्याचेंच सॅल्सेट केलें. गोव्यांतहि एक साष्टी आहे, ती निराळी. या प्रदेशाची वस्ती फार प्राचीन. अंधेरीच्या पूर्वेकडील महाकालीचीं लेणीं, ज्यांस कोंडिवट्याचीं लेणीं असेंहि म्हणतात, तीं संख्येनें १९ असून त्यांतील जुनीं ख्रिस्तशकापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेलीं आहेत. कान्हेरीचीं लेणीं तर सर्वविख्यात आहेत. भिक्षूंचे असे मोठे संघ जेथें शतकानुशतकें राहिले, तेथें त्यांस धान्य पुरविणारीं गांवेंहि आसपास असलींच पाहिजेत.

या गांवांच्या आयुष्यास मोठी कलाटणी मिळाली ती सोळाव्या शतकांत. गुजराथचा सुलतान बहादूरशहा याच्यावर मोंगल बादशहा हुमायून चालून आला होता. अशा अडचणीच्या वेळीं त्यानें पोर्तुगीजांशीं तह केला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई, तिच्या ताब्यांतील साष्टी व मुंबई यांसह, त्यांच्या हवालीं केली. पोर्तुगीजांनीं या मुलुखास 'उत्तर प्रांत' असें नांव दिलें व वसईस बळकट कोट बांधला. तलवारीमागून क्रूस आला. फ्रान्सिस्कन व जेसुइट पंथाचे पाद्री गांवोगांव हिंडूं लागले. त्यांच्या कार्याची बाजू एकेरी नाहीं. त्यांनीं शाळा काढल्या, अनाथ मुलें सांभाळलीं. त्याचबरोबर देवळेंहि पाडलीं गेलीं, आणि धर्मांतर करणारास सवलती व न करणारास जाच असा प्रकारहि पुष्कळ झाला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्याचें त्या काळीं ख्रिस्तमंदिर झालें व वर पाद्र्यांचा मठ उभा राहिला. आज त्या मठाचे भग्न अवशेष वर आणि पुन्हा पूजेंत आलेलें महादेवाचें लेणें खालीं, असा एकाच खडकावर इतिहासाचा दुहेरी थर पाहावयास मिळतो.

अंधेरीच्या हद्दींत या काळाची मोठी खूण म्हणजे कोंडिवट्याचें सेंट जॉन बाप्तिस्ता याचें देऊळ. तें जेसुइटांनीं १५७९ सालीं बांधलें. पुढें १८४० च्या सुमारास सांथीमुळें लोकांनीं तें सोडलें आणि वस्ती मरोळास गेली. छप्पर गेलें, भिंती राहिल्या. १९७३ सालीं या परिसरांत निर्यातीच्या कारखान्यांसाठीं सीप्झ ही वसाहत स्थापन झाली, आणि तें पडकें देऊळ तिच्या कुंपणाच्या आंत सांपडलें. तेथें जाण्यास एरव्हीं परवानगी लागते. परंतु वर्षांतून एकदां मरोळची मंडळी तेथें जमून प्रार्थना करतात. पूर्वजांच्या देवळांत जावयास पहारेकऱ्याची परवानगी घ्यावी लागणें, यांत या समाजाच्या आजच्या स्थितीचें सारें चित्र आलें आहे.

धर्म बदलला तरी मनुष्य एका रात्रींत निराळा होत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा पाद्र्याचें आडनांव मिळालें, एवढेंच. कोळी ख्रिस्ती झाला तरी कोळीच राहिला, भंडारी भंडारीच राहिला, कुणबी कुणबीच राहिला. ठाणें जिल्ह्याचें सरकारी गॅझेटियर १८८२ सालीं निघालें, त्यांत या ख्रिस्ती लोकांतील जुने जातिभेद कायम असल्याचें नमूद आहे. जातिभेद टिकला ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे. परंतु नव्या धर्माच्या खालीं जुनी समाजरचना कशी शाबूत राहिली याचा तो स्पष्ट पुरावा आहे. त्याच रचनेच्या आश्रयानें भाषाहि राहिली.

पोर्तुगीज सत्ता देशी भाषांविषयीं उदार होती असें नाहीं. गोव्यांत तर १६८४ सालीं व्हाइसरॉयानें देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचें फर्मान काढलें. परंतु शेतांत राबणाऱ्या रयतेची भाषा फर्मानानें मरत नसते. पाद्र्यांसहि हें उमगलें होतें. ज्यास आपला धर्म लोकांच्या अंतःकरणांत रुजवावयाचा आहे, त्यास लोकांच्या भाषेचाच आश्रय करावा लागतो. गोव्यांत फादर स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं आपलें ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत प्रसिद्ध केलें, हें सुशिक्षितांस ठाऊक असतें. परंतु उत्तर कोंकणांतहि असा प्रयत्न झाला होता, हें फारसें कोणास माहीत नसतें. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइस या पाद्र्यानें ख्रिस्ताच्या दुःखभोगावर या भागाच्या मराठींत एक पुराण रचलें व तें १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन लिपींत छापलें गेलें. एकोणिसाव्या शतकांत मुंबईसहि त्याच्या आवृत्त्या निघाल्या. लिपि परकी, छापखाना परका, विषय परका. आणि शब्द मात्र साष्टी-वसईच्या मातींतले, हा योग मोठा अपूर्व होय.

सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली आणि उत्तर प्रांतांतील पोर्तुगीज सत्ता संपुष्टांत आली. गोरे पाद्री निघून गेले, श्रीमंत पोर्तुगीज जमीनदारहि गेले. हा समाज जर खरोखरीच परका असता तर तोहि त्यांच्या गलबतांतून निघून गेला असता. परंतु तो जाणार कोठें? त्याचीं शेतें येथें, विहिरी येथें, पूर्वज येथेंच पुरलेले. तहाच्या अटींत ख्रिस्ती रयतेस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक होती. ते राहिले, मराठी राज्याची प्रजा झाले व सारा भरूं लागले. पुढें डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला व साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. अडीचशें वर्षांत तीन राज्यें झालीं; भाताचें खाचर मात्र तेंच होतें आणि त्यांत राबणारा हातहि तोच होता.

वांद्रें, माहीम, मुंबई अशा ठिकाणच्या कांहीं घरांतून मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलली जात असे. मोन्सिन्योर दाल्गादो या गोव्याच्या भाषापंडितानें १९०६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज ती बोली येथून नाहींशी झाली आहे. तिची एक बहीण मात्र रेवदंड्याजवळच्या कोर्लई या गांवीं ख्रिस्ती वस्तींत अजून बोलली जाते. साष्टींतील पोर्तुगीज मेली आणि मराठी जगली, याचें कारण उघड आहे. पोर्तुगीज ही कोटांतली व कचेरींतली भाषा होती. मराठी ही शेतांतली व चुलीपाशींची होती. कोट पडला, चूल राहिली.

पोर्तुगीज भाषा जातां जातां आपल्या सर्वांच्याच घरांत कांहीं चिजा विसरून गेली आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू, चावी, फीत, घमेलें, बिजागरी, पगार, लिलांव, तुरुंग हे शब्द तिचेच. सोंवळ्यांतल्या स्वयंपाकघरांतहि बटाट्यानें प्रवेश मिळविला आणि हापूस आंब्याचें नांव अफोन्सोवरून आलें म्हणून कोणी तो टाकला नाहीं! एवढें उसनें ज्यांनीं सुखानें पचविलें, त्यांनीं ख्रिस्ती शेजाऱ्याचें आडनांव परकें म्हणून त्यासच परका समजावें, हें न्यायाचें नव्हे.

आतां त्यांची बोली पाहूं. ग्रियर्सनसाहेबांनीं हिंदुस्थानांतील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीवरील खंड १९०५ सालीं बाहेर पडला. त्यांत ठाणें भागांतील 'किरिस्तांव' बोलीस मराठीच्या पोटभाषांतच स्थान दिलेलें आहे. या बोलींत 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'ल' होतो. पाण्यास 'पानी' आणि डोळ्यास 'डोला' म्हणतात. शब्दाच्या मध्यें येणारा 'ड' पुष्कळदां 'र' होतो, म्हणून घोड्याचा 'घोरा' होतो. शाळेंतला मुलगा असें बोलला तर त्याचा उच्चार सुधारण्यांत येईल. परंतु हे दोष नव्हेत, ती उत्तर कोंकणची जुनी वहिवाट आहे. आगऱ्यांच्या व कोळ्यांच्या बोलींतहि हींच लक्षणें आढळतात. मढ-मनोरीचा ख्रिस्ती कोळी आणि वेसाव्याचा हिंदु कोळी बोलूं लागले, तर केवळ कानांनीं कोणाचा धर्म कोणता हें सांगणें कठीण! एवढेंच कशाला, वांद्र्याच्या टेकडीवरील मेरीमातेस हिंदु कोळीहि नवस करतात आणि तिला 'मोत मावली' म्हणतात. 'मोत' हा डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा अपभ्रंश आणि 'मावली' ही आपली माउली.

मग अशा अस्सल मराठी समाजास ईस्ट इंडियन हें इंग्रजी नांव कां? पश्चिम किनाऱ्यावरील लोकांस पूर्वेचें नांव, ही मोठी विसंगति दिसते. त्याचें कारण एकोणिसाव्या शतकाच्या व्यवहारांत आहे. आगगाड्या व गिरण्या झाल्यावर गोव्यांतून पुष्कळ ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठीं मुंबईस येऊं लागलीं. आडनांवें सारखीं, धर्म एक, त्यामुळें दोघांसहि 'पोर्तुगीज' असेंच लेखण्यांत येई. गोवेकर पोर्तुगालच्या राजाचे प्रजाजन होते. साष्टीकर तर शंभरांहून अधिक वर्षें इंग्रजी अंमलांतले. सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क डावलला जाऊं नये, म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झाल्याच्या निमित्तानें, त्यांनीं ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या संबंधाची आठवण देणारें हें नांव धारण केलें. त्याच वर्षीं २६ मे रोजीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. त्या काळीं हें धोरण शहाणपणाचें होतें. परंतु कंपनी गेली, इंग्रज गेले, आणि नांव मात्र चिकटून राहिलें. ज्या नांवानें गोवेकरांपासून निराळेपण सिद्ध झालें, त्याच नांवानें मराठी शेजाऱ्यांपासूनहि अंतर पडलें.

तें अंतर खरें नव्हतें, हें दाखविणारें एक थोर उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक असावयास पाहिजे. जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १८६४ सालीं माझगांवच्या माथारपाखाडींत झाला; त्यांचें घराणें मूळचें उत्तनचें. केंब्रिज येथें शिकून ते बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे स्नेही होते. १९१६ सालीं बेळगांव येथें टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हां तिच्या अध्यक्षपदीं बाप्टिस्टाच होते. कामगारांच्या चळवळीचे ते अग्रणी होते व १९२५ सालीं मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. लोक त्यांस 'काका' म्हणत. ही पदवी कोणा सरकारनें दिलेली नव्हे. मराठी माणूस ज्यास घरचा समजतो, त्यासच काका म्हणतो.

या समाजाचा घरोबा चालीरीतींतहि जागोजाग दिसतो. लग्नास दारापुढें मांडव घालतात. लग्नाच्या आदल्या दिवशीं बायका वाजत-गाजत गांवच्या विहिरीवर जाऊन पाणी आणतात व तें वधूवरांच्या स्नानासाठीं वापरतात. या विधीस 'उंबराचें पाणी' म्हणतात. उंबराच्या झाडाचें पावित्र्य त्यांस कोणत्या धर्मपुस्तकानें शिकविलें? तें पूर्वजांकडून आलें. जुन्या स्त्रिया चौकड्याचें लुगडें नेसत. सुगीच्या सुमारास, ऑक्टोबराच्या पहिल्या रविवारीं, आगेरा नांवाचा सण होतो. नव्या भाताचीं कणसें वाजत-गाजत देवळांत नेऊन पाद्र्याकडून आशीर्वाद घेतात. दसऱ्याच्या दिवसांत नवीन धान्याचें तोरण बांधणाऱ्या शेतकऱ्यास या सणाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं. उन्हाळ्यांत मिरच्या व इतर जिन्नस वाळवून, भाजून, उखळांत कांडून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. हा 'बाटलीचा मसाला' वर्षभर पुरतो. आणि गल्लीबोळांतून जे क्रूस दिसतात, त्यांतील पुष्कळसे १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत. सांथ हटावी म्हणून गांवकऱ्यांनीं वेशीवर केलेली ती प्रार्थनाच होय.

जी भाषा पोर्तुगीजांच्या दोनशें वर्षांत गेली नाहीं, ती मग आतां कां जात आहे? तिला कोणी हुकुमानें घालविलेली नाहीं. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉससारख्या शाळा १८६३ पासून निघाल्या. इंग्रजी शिकलेल्यास कचेरींत, आगगाडींत, इस्पितळांत नोकरी मिळूं लागली. आईबापांनीं घरींहि मुलांशीं इंग्रजीच बोलण्यास आरंभ केला. शिकलेली भाषा घरांत आली, आणि घरची भाषा ओसरीवर आजीजवळ जाऊन बसली. दुसरें कारण जमिनीचें. विमानतळ, मरोळची औद्योगिक वसाहत, सीप्झ यांसाठीं आणि त्यानंतर इमारतींसाठीं शेतें गेलीं. पेरणीचे, लावणीचे, मळणीचे शब्द शेताबरोबर जातात. जें काम उरलें नाहीं त्याचा शब्द मुलास शिकवावयाचा कसा? आगेऱ्याचीं कणसेंसुद्धां पुष्कळ ठिकाणीं आतां लांबून आणावीं लागतात.

परंतु हें असेंच व्हावयास पाहिजे होतें काय? खाडीपलीकडे पाहिलें तर तसें दिसत नाहीं. वसईच्या ख्रिस्ती लोकांनींहि तोच इतिहास भोगला. परंतु त्यांची शेती-वाडी अधिक काळ टिकली, मुलें मराठी शाळांतून शिकलीं, आणि १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें लॅटिनऐवजीं लोकभाषेंत उपासना करण्यास मोकळीक दिल्यावर त्यांनीं मराठीच घेतली. मुंबईच्या देवळांतून मात्र मुख्यतः इंग्रजी आली. वसईच्या मातींत मराठी लेखकांची परंपरा निर्माण झाली. तेथील धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, 'सुवार्ता' मासिक चालविलें, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें, म्हणजे आतांच्या धाराशिवास, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. फादर स्टीफन्सपासून निघालेला प्रवाह अशा रीतीनें चार शतकांनंतर मराठी वाङ्मयाच्या मुख्य पात्रास मिळाला.

अंधेरी-मरोळच्या गांवठाणांतहि तो अगदींच आटलेला नाहीं. लग्नाचीं गाणीं म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत; तीं गाणीं टिपून ठेवणारे तरुणहि त्या समाजांत पुढें येत आहेत. परंतु हें काम एकट्या त्या समाजाचें नव्हे. बोली ऐकणारा मिळाला तरच टिकते. 'पानी' म्हणणाऱ्या म्हातारीस हंसून आपण तिला इंग्रजींत बोलावयास लावतों, तेव्हां मराठीचेंच एक जुनें दालन आपल्या हातानें बंद करतों. तिच्या ओसरीवर बसून, 'आजी, तुमच्या लग्नांत कोणतें गाणें म्हणत असत?' असें मराठींत विचारणारा शेजारी भेटला, तर त्या एका प्रश्नानें पुष्कळ कांहीं वांचेल. सहासष्ट गांवांच्या या साष्टींत आपण मागाहून आलों, आणि त्या अगोदरपासून आहेत. पाहुण्यानें यजमानाची विचारपूस करावी, हा साधा शिष्टाचार आहे.